ज्वारीच्या पेशी काय काय सोडून देतात

शाळेच्या विज्ञानाच्या वहीत वनस्पतीपेशीची आकृती आपण सगळ्यांनीच काढलेली असते. बाहेर चौकटीसारखी पेशीभित्तिका, तिला आतून चिकटलेलं प्रद्रव्यपटल, मधली बरीचशी जागा व्यापणारी रिक्तिका, कडेला सरकलेलं केंद्रक आणि हिरव्या पेन्सिलीने रंगवलेली चार-पाच हरितलवकं. आकृती चूक नाही, पण सगळे भाग एकाच ठिकाणी दाखवता यावेत म्हणून ती रचलेली आहे. एखादं रोप घेऊन त्यात ही पेशी शोधू लागलात, तर पानाच्या गरात तिच्या जवळपास जाणारी पेशी सापडेल. इतरत्र कुठे हरितलवकं नसतात, कुठे रिक्तिका नसते, कुठे केंद्रकच नसतं, आणि कित्येक ठिकाणी तर भिंतीच्या आत काहीच उरलेलं नसतं. माणसाने पहिल्यांदा पाहिलेल्या पेशीही अशाच रिकाम्या होत्या. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला दिसलेले कप्पे म्हणजे मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या.

पेशीची रचना तिच्या कामाला साजेशी असते, हे वाक्य आपण पाठ करतो. ते खरंच आहे. पण पेशीला कामासाठी काय मिळालं एवढंच सांगितलं, तर निम्मी गोष्ट राहून जाते. तिने काय टाकून दिलं, हे विचारलं की मग रचना आणि काम यांचं नातं उलगडायला लागतं. हे पाहण्यासाठी मी ज्वारीचं ताट निवडतो. एक तर ते आपल्या ओळखीचं आहे. आणि रब्बी ज्वारीची परीक्षा फार कडक असते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या भागांत ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर हे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत दिवस काढतं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात याच परीक्षेत टिकली. इथे पाण्याचा थेंबही वाया घालवणं परवडत नाही, त्यामुळे प्रत्येक पेशीची घडण का तशी आहे याचं कारण लवकर सापडतं.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात ठेवू. मुळाच्या टोकापासून कणसातल्या दाण्याच्या कोंबापर्यंत जवळपास प्रत्येक जिवंत पेशीत जनुकांचा एकच संच असतो. ज्वारीचा हा संच २००९ साली वाचून झाला. तो डीएनएच्या सुमारे ७३ कोटी अक्षरांचा आहे. पेशी वेगळ्या होतात त्या या संचातला कोणता भाग उघडायचा आणि कोणता मिटून ठेवायचा यावरून.

जमिनीखालून सुरुवात करू. कोवळ्या मुळाच्या टोकामागे जी पांढरी लव दिसते, ती मूलरोमांची. एक मूलरोम म्हणजे अनेक पेशींची दोरी नव्हे. मुळाच्या त्वचेतल्या एकाच पेशीने बाहेर काढलेली ती लांब नळी असते. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, लांबी मात्र मिलिमीटरच्या घरात. एवढी बारीक नळी मातीच्या दोन कणांमधल्या फटीत शिरते आणि तिथे कणांना चिकटून राहिलेलं पाणी ओढून घेते. पानाच्या आणि खोडाच्या त्वचेवर पाणी आत-बाहेर होऊ न देणारा मेणचट थर असतो. मूलरोमावर तो नसतो. असता, तर त्याचं कामच थांबलं असतं. हरितलवकंही इथे नाहीत, कारण अंधारात ती फुकटचं ओझं. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका मात्र भरपूर असतात. पाणी आपोआप येतं, पण नायट्रेट आणि पोटॅशियम यांसारखे क्षार मातीत विरळ आणि पेशीत दाट असल्यामुळे ते आत ओढायला ऊर्जा लागते.

अशा पेशी किती असाव्यात? ज्वारीचा आकडा देत नाही, पण राय या दुसऱ्या तृणधान्याच्या एकाच रोपावर १९३७ साली हॉवर्ड डिटमर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने ही मोजदाद केली होती. चार महिन्यांच्या एका रोपाला सुमारे १४०० कोटी मूलरोम असल्याचा हिशेब त्याने मांडला. प्रत्येक मूलरोम काही दिवस, फार तर काही आठवडे जगतो. मूळ पुढे सरकतं, मागचे मूलरोम वाळून जातात, पुढे नवे येतात. दीर्घायुष्याची सोय या पेशीत केलेलीच नाही.

ज्वारीच्या मूलरोमाला आणखी एक काम आहे. त्याच्या टोकाशी पिवळसर, तेलकट द्रव्याचे थेंब जमतात. त्यातलं मुख्य रसायन म्हणजे सॉर्गोलिओन. शेजारच्या तणाच्या कोवळ्या रोपात ते शिरलं की त्याची प्रकाशसंश्लेषणाची साखळी अडते. हे रसायन ज्वारी फक्त मूलरोमातच तयार करते, म्हणून या पेशीत आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी संकुल, म्हणजे पदार्थ बनवून बाहेर पाठवणारी यंत्रणा, चांगलीच वाढलेली दिसते. मला यातली एक गोष्ट विशेष वाटते. जे विष हरितलवकांवर चालतं, ते बनवायची जागा झाडाने अशी निवडली आहे की जिथे स्वतःची हरितलवकंच नाहीत.

मुळात शिरलेलं पाणी मध्यापर्यंत दोन वाटांनी जाऊ शकतं. पेशींच्या आतून, नाहीतर पेशींच्या भिंतींमधून झिरपत. दुसरी वाट सोपी आहे, पण तिथे राखण करणारं कोणी नाही. मातीतलं काहीही तसंच आत येईल. म्हणून मुळाच्या गाभ्याभोवती पेशींचा एक थर असतो, त्याला अंतस्त्वचा म्हणतात. या थरातल्या पेशींच्या आडव्या-उभ्या भिंतींत लिग्निनची, म्हणजे लाकडाला टणक करणाऱ्या द्रव्याची, पट्टी बसवलेली असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कास्पारी याच्या नावाने ती ओळखली जाते. पट्टीमुळे भिंतीतली वाट बंद होते आणि प्रत्येक क्षाराला जिवंत पटल ओलांडूनच पुढे जावं लागतं. पटलाला निवड करता येते, भिंतीला येत नाही. ज्वारीच्या अंतस्त्वचेत आतल्या बाजूच्या भिंतीवर सिलिकाचे बारीक गोळेही बसतात आणि तो थर आणखी टणक होतो.

इथून पुढे पाणी जलवाहिनीत जातं. झाडातल्या सगळ्या पेशींमध्ये हिची कथा मला सगळ्यात थक्क करणारी वाटते.

जलवाहिनी होणारी पेशी आधी लांब होते. मग आपल्या भिंतीच्या आतून सेल्युलोजचे जाड पट्टे चढवते, कधी कड्यांसारखे, कधी वेटोळ्यासारखे, आणि त्यांत लिग्निन भरते. हे सगळं जिवंतपणी. तयारी पुरी झाली की तिच्या रिक्तिकेचं पटल फुटतं. आत कोंडून ठेवलेली विकरं बाहेर पडतात आणि केंद्रकासकट सगळं जीवद्रव्य पचवून टाकतात. वरच्या आणि खालच्या पेशीशी जोडणाऱ्या आडव्या भिंतीही विरघळतात. उरते ती उघडी नळी. अशा पेशी एकावर एक रचल्या गेल्या की मुळापासून पानापर्यंत पाण्याची सलग वाट तयार होते. हा मृत्यू रोगाने किंवा तहानेने आलेला नसतो. तो जनुकांत लिहिलेला असतो आणि ठरलेल्या वेळीच येतो.

मरायची गरज काय? नळीत जीवद्रव्य राहिलं असतं तर पाण्याला प्रत्येक पेशीत दोन पटलं आणि मधला चिकट ऐवज ओलांडावा लागला असता. दुपारच्या उन्हात पानांना लागणारं पाणी त्या वेगाने पोहोचलंच नसतं. आणि भिंतीला एवढी जाडी का? कारण दिवसा झाड पाणी खालून ढकलत नाही, वरून ओढतं. पानातून वाफ बाहेर जाते, तिची जागा घ्यायला मागचं पाणी खेचलं जातं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे तो ताण थेट मुळापर्यंत पोहोचतो. हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी १८९४ मध्ये मांडलेला हा सिद्धांत आजही उभा आहे. घट्ट लस्सी जोरात ओढली की प्लॅस्टिकची नळी चपटी होते. तसाच, पण त्याहून कितीतरी जास्त ताण जलवाहिनीच्या भिंतीवर येतो. लिग्निनचे पट्टे तिला मिटू देत नाहीत.

आता पट्टे कड्यांचे का आणि सलग का नाहीत, हेही पाहू. वाढत्या खोडात ज्या जलवाहिन्या आधी तयार होतात, त्यांच्या शेजारच्या पेशी अजून लांब होत असतात. मेलेली नळी स्वतः वाढू शकत नाही, ती फक्त ताणली जाईल. सुट्या कड्या असल्या की त्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि नळी काही काळ तग धरते. शेवटी तीही फाटते आणि तिथे एक पोकळी उरते. तोवर त्या भागाची वाढ थांबलेली असते आणि नंतर तयार झालेल्या रुंद जलवाहिन्यांनी काम हाती घेतलेलं असतं. या नंतरच्या वाहिन्यांच्या भिंती जवळजवळ सलग जाड असतात, फक्त बाजूला पाणी जाण्यापुरते बारीक खळगे ठेवलेले. त्यांना आता ताणलं जायचं नसतं.

रुंदीचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. नळीची रुंदी दुप्पट झाली, तर तेवढ्याच ताणाखाली तिच्यातून सोळा पट पाणी वाहू शकतं. मग सगळ्या जलवाहिन्या रुंद का नाहीत? कारण मातीतली ओल आटली की ताण वाढतो, पाण्याच्या स्तंभात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती वाहिनी बंद पडते. रुंद वाहिन्यांना हा धोका साधारणपणे जास्त असतो, आणि एक बंद पडली की नुकसानही मोठं. त्यामुळे ताटात रुंद आणि अरुंद दोन्ही असतात. भिंतीतल्या खळग्यांमधला पातळ पडदा बुडबुड्याला शेजारच्या वाहिनीत सहज जाऊ देत नाही. गवताच्या कुळातल्या पिकांना आणखी एक आधार आहे. जमिनीत ओल असेल तर रात्री मुळं पाणी थोडं वर ढकलतात, आणि त्या दाबाने काही बुडबुडे विरघळून वाहिन्या पुन्हा भरू शकतात. पहाटे ज्वारीच्या पानांच्या कडांवर दिसणाऱ्या सगळ्याच थेंबांना आपण दव म्हणतो, पण त्यातले काही पानाने आतून बाहेर टाकलेले असतात.

पानापाशी आलं की प्रश्न बदलतो. इथे पाणी वाचवायचंही आहे आणि कार्बन डायऑक्साइड आतही घ्यायचा आहे. दोन्ही एकाच दारातून. ते दार म्हणजे पर्णरंध्र, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी. पुस्तकात त्या मूत्रपिंडाच्या आकाराच्या काढलेल्या असतात. तूर, कापूस, जास्वंद यांच्यात त्या तशाच आहेत. ज्वारी, बाजरी, ऊस, गहू यांच्यात मात्र रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या असतात. दोन्ही टोकांना पातळ भिंतीचे फुगे आणि मध्ये जाड भिंतीचा अरुंद दांडा. पोटॅशियमचे आयन आत आले की मागोमाग पाणी येतं, टोकांचे फुगे फुगतात, एकमेकांना ढकलतात आणि मधले दोन दांडे सरळच्या सरळ बाजूला होतात. थोड्याशा पाण्याच्या हालचालीत दार बरंच उघडतं आणि लवकर मिटतंही. ज्वारीत रक्षक पेशींच्या दोन्ही बाजूंना एकेक साहाय्यक पेशी असते. पोटॅशियम तिथेच शेजारी साठवलेलं असतं, लांबून आणावं लागत नाही.

झाडाच्या बहुतेक जिवंत पेशी भिंतींतून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म वाटांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. पूर्ण वाढलेल्या रक्षक पेशी शेजाऱ्यांशी असलेल्या या वाटा बंद करून टाकतात. वाटा उघड्या राहिल्या, तर आत जमवलेला दाब शेजारी गळून जाईल. गवतांमध्ये दोन रक्षक पेशींच्या आपसातल्या भिंतीत मात्र छिद्रं राहतात, त्यामुळे दोघींत दाब सारखा राहतो आणि दार वाकडं उघडत नाही.

रंध्रं मिटूनही भागलं नाही, तर पान स्वतःला गुंडाळून घेतं. पाण्याला आलेल्या ज्वारीची पानं दुपारी सुरळीसारखी होतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पानाच्या वरच्या त्वचेत मोठ्या, फुगीर, पातळ भिंतीच्या पेशींच्या रांगा असतात. पाणी कमी पडलं की आधी त्या पिचकतात आणि पानाच्या दोन्ही कडा वर, आतल्या बाजूला वळतात. गुंडाळलं जाण्यात पानाच्या इतर पेशींचाही हातभार असतो, पण या पेशींचा वाटा मोठा आहे. त्यांच्यातही हरितलवकं जवळजवळ नसतात. पाणी धरणं आणि सोडणं एवढंच त्यांच्याकडे.

ताटावर आणि पानाच्या देठाकडच्या आवरणावर बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागते. ते मेण आहे, त्वचेतल्या ठरावीक लहान पेशींनी बाहेर टाकलेलं. त्याच त्वचेत सिलिका भरून मेलेल्या पेशीही असतात. पानाची कड बोटाला कापते, त्यात त्यांचा हात असतो.

आता पानाच्या आत. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर म्हणजे रुबिस्को. ते फार हळू काम करतं आणि त्याची एक खोड आहे: कार्बन डायऑक्साइडच्या जागी ते कधी कधी ऑक्सिजनच पकडतं. मग झाडाला केलेलं काम उलटवण्यात ऊर्जा आणि आधी मिळवलेला कार्बन घालवावा लागतो. ऊन वाढलं आणि रंध्रं अर्धवट मिटली की ही चूक वाढते. गहू आणि भात हा तोटा सोसतात. ज्वारी, मका, ऊस, बाजरी यांनी तो टाळण्यासाठी काम दोन प्रकारच्या पेशींत वाटून दिलं आहे.

ज्वारीच्या पानाचा आडवा काप घेतला तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचं कडं दिसतं. या आवरणपेशी. त्यांच्याबाहेर फिकट हिरव्या गरपेशींचं दुसरं कडं. ऑस्ट्रियाचा गॉटलिब हाबरलांट याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रचना नोंदवली होती, पण ती कशासाठी हे कळायला १९६६ साल उजाडावं लागलं. ऑस्ट्रेलियात हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी उसाच्या पानावर काम करून तो मार्ग उलगडला.

गरपेशीत रुबिस्को नसतंच म्हणावं इतकं कमी. तिथे दुसरं विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं, ज्याला ऑक्सिजनची भूल पडत नाही. पकडलेला कार्बन चार कार्बनच्या आम्लात बांधून आवरणपेशीत धाडला जातो. तिथे आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो आणि रुबिस्कोभोवती तो इतका दाटतो की ऑक्सिजन पकडायला वावच राहत नाही. ही ने-आण सतत चालू राहावी म्हणून दोन पेशींमधल्या भिंतीत सूक्ष्म वाटांची गर्दी असते. उलट, पकडलेला वायू निसटू नये म्हणून आवरणपेशीच्या भिंतीत बुचात असतो तसा सुबेरिनचा थर असतो. शिराही इतक्या जवळजवळ की दोन शिरांच्या आवरणांमध्ये साधारण दोनच गरपेशी बसतात. कुठलीही गरपेशी आपल्या आवरणपेशीपासून लांब पडत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचा बदल हरितलवकाच्या आत आहे. साध्या हरितलवकात पटलांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि त्या चकत्यांमध्ये पाण्याचं विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. ज्वारीच्या आवरणपेशींतल्या हरितलवकांत या चकत्या जवळपास नाहीतच. म्हणजे जिथे रुबिस्को आहे, तिथे ऑक्सिजन बनवायची यंत्रणाच काढून टाकलेली. हरितलवकाची जी ओळख आपण शाळेत शिकतो, तीच या पेशीने सोडली आणि त्यातून ज्वारीला दुष्काळात टिकायची ताकद मिळाली. रंध्रं थोडी उघडून भागतं, म्हणून तेवढंच वजन वाढवायला तिला गव्हा-भातापेक्षा साधारण निम्मं पाणी लागतं.

पेशींत काम वाटून देण्याचं दुसरं उदाहरण जनावरं पाळणाऱ्यांच्या चांगलंच ओळखीचं आहे. कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर आलेले फुटवे खाऊन जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. त्यामागे ढुरिन नावाचं संयुग आहे. पानात ते त्वचेच्या पेशींच्या रिक्तिकेत साठवलेलं असतं. त्याचे तुकडे करणारं विकर मात्र तिथे नाही, ते आतल्या गरपेशींत आहे. पान धडधाकट असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. जनावराने पान चावलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. पाण्याचा साठा, पेशीचा ताठरपणा, टाकाऊ पदार्थांची जागा अशी रिक्तिकेची कामं आपण शिकतो. इथे तिचं पटल म्हणजे झाडाचं स्वतःच्याच विषापासून केलेलं संरक्षण आहे. रोप वाढतं तसं ढुरिनचं प्रमाण उतरतं, पाण्याचा ताण पडला की वाढतं. वाळलेल्या कडब्यात धोका बराच कमी होतो. गुडघ्याएवढ्या, ताणावरच्या ज्वारीत जनावर सोडू नये, हा जाणत्यांचा सल्ला या दोन प्रकारच्या पेशींच्या रचनेवर उभा आहे.

पानात तयार झालेली साखर रसवाहिनीतून खाली मुळाकडे आणि वर कणसाकडे जाते. जलवाहिनीप्रमाणे इथेही नळीच हवी, पण एक अडचण आहे. साखरेच्या पाकात पाणी शिरून दाब तयार होतो आणि त्या दाबावर रस वाहतो. दाब धरायला जिवंत पटल लागतं, म्हणून ही पेशी पूर्ण मरू शकत नाही. तिने मधला मार्ग काढला. रसवाहिनीतल्या नळीची, म्हणजे चाळणी नलिकेची, पेशी केंद्रक सोडते, रिक्तिका सोडते, प्रथिनं बनवणारी रायबोसोमं सोडते, पटल आणि थोडंसं जीवद्रव्य कडेला धरून ठेवते. आडव्या भिंतीला भोकं पडतात. जगण्यासाठी लागणारं सगळं तिला शेजारच्या सहपेशीकडून मिळतं. सहपेशीत केंद्रक ठसठशीत, जीवद्रव्य दाट, तंतुकणिका भरपूर. एकाच मातृपेशीच्या विभाजनातून या दोघी जन्मतात आणि एकमेकींशिवाय निरुपयोगी ठरतात. या नळीतला दाब मावा या किडीला माहीत आहे. मावा सोंड थेट चाळणी नलिकेत खुपसतो, दाबाने रस आपोआप त्याच्या पोटात जातो आणि जादा झालेली साखर तो मागून सोडतो. ज्वारीवर पडणारा चिकटा तो हाच. शास्त्रज्ञांनीही १९५३ पासून याचा उपयोग करून घेतला: मावा कापून सोंड तशीच ठेवायची आणि तिच्या टोकाशी येणारा शुद्ध रस गोळा करायचा.

ताटाच्या गाभ्यात मोठ्या, पातळ भिंतीच्या मूल ऊतींच्या पेशी असतात. काही जातींचं ताट रसाळ आणि गोड असतं, काहींचं कोरडं, भेंडासारखं. हा फरक एका जनुकावर ठरतो हे शंभरावर वर्षं माहीत होतं. ते जनुक कोणतं आणि करतं काय, हे २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. ते जनुक चालू असेल तर गाभ्यातल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि जागी हवा भरते. बिघडलेलं असेल तर पेशी जगतात आणि रस धरून ठेवतात. कोरड्या ताटाच्या जातीत पानाची मधली शीर पांढरी शुभ्र दिसते, रसाळ जातीत हिरवट. ताट न चिरताही गाभ्यातल्या पेशी जिवंत आहेत का मेल्या, हे शिरेच्या रंगावरून बरंचसं ओळखता येतं.

आणि दाणा. दाण्याच्या बुडाशी, जिथे रसवाहिनी संपते, तिथल्या पेशींच्या भिंती आतल्या बाजूला असंख्य बारीक घड्या घालतात. भिंतीबरोबर पटलही घडीत जातं, त्याचं क्षेत्रफळ कित्येक पट वाढतं आणि साखर वेगाने आत घेता येते. हुरड्याच्या दिवसांत दाण्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर अजून पुरती पिठूळ झालेली नसते, म्हणून हुरडा गोड लागतो. पुढे पिष्टाचे कण आणि प्रथिनांचे गोळे पेशीत ठासून भरतात आणि पेशी मरते. जलवाहिनी मरून रिकामी होते, ही भरलेली मरते. साठा पुढच्या रोपासाठी आहे, त्यामुळे आतलं काही पचवलं जात नाही. फक्त कडेचा एक थर आणि भ्रूण जिवंत राहतात. दाणा पक्व झाला की बुडाशी काळा ठिपका उमटतो, म्हणजे आत येणारी वाट बंद झाली. त्यानंतर पाणी दिलं तरी दाण्याचं वजन वाढत नाही.

यातलं बरंचसं शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. ज्वारीच्या पानावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टीने उचला आणि काचपट्टीवर लावा. डंबेलसारख्या रक्षक पेशी रांगेत दिसतील. जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूचा ठसा शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो. कोवळ्या ताटाचे पातळ काप पाण्यात घेऊन सॅफ्रानिन हा रंग लावला तर लिग्निन असलेल्या भिंती लाल होतात, आणि सालीजवळ वाहिन्यांचे जुडगे किती दाटीने बसलेत ते दिसतं. मूलरोमांसाठी सूक्ष्मदर्शकही लागत नाही. ओल्या टीपकागदावर ज्वारीचे दाणे झाकून ठेवले की तीन-चार दिवसांत लव येते, आणि चांगल्या भिंगातून तिच्या टोकांवरचे पिवळसर थेंब शोधता येतात. कागद ओलसर असावा, निथळता नको. पाणी जास्त झालं तर मूलरोम नीट येत नाहीत.